जुन्या हॉलिवूडमधली आंतरवंशीय लग्नं : सिनेमा कायद्याच्या पुढे होता की मागे?

टुरिंग_टॉकीज

गोरी मुलगी काळ्या डॉक्टरशी लग्न ठरवून त्याला घरी आणते आणि आईबापाची कसोटी लागते, तो 'गेस हूज कमिंग टू डिनर' हा सिनेमा डिसेंबर १९६७ मध्ये आला. त्याच वर्षी १२ जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया' खटल्यात आंतरवंशीय लग्नावरची बंदी एकमताने घटनाबाह्य ठरवली. या दोन गोष्टी नेहमी जोडीने सांगितल्या जातात. ऐकणाऱ्याचा समज असा होतो की सिनेमा आणि कोर्टाने मिळून एकाच वर्षी भिंत पाडली.

मला हे पटत नाही. सिनेमाचं चित्रीकरण निकालाच्या आधीच संपलं होतं. मुलीच्या बापाची भूमिका करणारे स्पेन्सर ट्रेसी १० जूनला गेले, म्हणजे निकालाच्या दोन दिवस आधी. नायकाचे वडील मुलाला बजावतात की सोळा-सतरा राज्यांत तुमचं हे लग्न गुन्हा ठरेल. बोललं गेलं तेव्हा हे वाक्य खरं होतं, प्रेक्षकांनी ऐकलं तोवर ते शिळं झालं होतं. आणि मुख्य म्हणजे कथा घडते सॅन फ्रान्सिस्कोत. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 'पेरेझ विरुद्ध शार्प' खटल्यात राज्यातली बंदी १९४८ मध्येच उठवली होती. म्हणजे या जोडप्याला तिथे लग्न करायला कायद्याची आडकाठी १९ वर्षं नव्हतीच.

आडकाठी होती ती स्टुडिओंच्या स्वतःच्या नियमावलीची. ही नियमावली म्हणजे हेज कोड. तो १९३० चा, १९३४ पासून त्याची कडक अंमलबजावणी झाली. गोऱ्या आणि काळ्या वंशांमधले संबंध दाखवायचे नाहीत, असं त्यात साफ लिहिलं होतं. हे कलम गेलं १९५६ मध्ये. म्हणजे लॉस एंजेलिसच्या कचेरीत जे लग्न १९४८ नंतर रीतसर नोंदवता येत होतं, ते त्याच शहरातल्या स्टुडिओत आणखी आठ वर्षं निषिद्ध होतं.

माझं मत : हॉलिवूड कायद्याच्या बरंच मागून चाललं. तुम्हाला काय वाटतं? खरोखर कायद्याच्या पुढे गेलेला एखादा जुना सिनेमा आठवतो का?

रानजाई

विषय आवडला. 'डिनर' मला नेहमी अर्धवट आवडतो. नायक डॉक्टर, जागतिक आरोग्य संघटनेत मोठ्या हुद्द्यावर, विधुर, सभ्य, लग्नाआधी मुलीला हातही लावायचा नाही या विचाराचा. एवढं सगळं असलं तरच काळा जावई पचतो का?

ढवळ्या_पवळ्या

रानजाई, हे तर आपल्या वधूवर मंडळाच्या वहीतलं स्थळ झालं. पत्रिका जुळते का तेवढं बघायचं राहिलं :)

जुना_प्रेक्षक

रानजाई, ही टीका सिनेमा आला तेव्हापासून होते आहे, आणि दिग्दर्शक स्टॅनले क्रेमर यांना ती ठाऊक होती. त्यांचा हिशोब सरळ होता. नायकात एकही खोट ठेवायची नाही, म्हणजे नकार देणाऱ्या बापाकडे रंगाशिवाय दुसरं कारणच उरणार नाही. आधी मुलगा गरीब दाखवला असता, तर अर्ध्या प्रेक्षकांनी 'आम्ही रंगाला नाही, परिस्थितीला नाही म्हणतोय' अशी पळवाट काढली असती. आपल्याकडे अशा पळवाटा रोज ऐकतो.

टॉकीज, तुमच्या तारखा बरोबर आहेत, पण तारखांनी धाडस मोजता येत नाही. ट्रेसी इतके आजारी होते की त्यांचा विमा उतरवायला कोणी तयार नव्हतं. क्रेमर आणि मुलीच्या आईची भूमिका करणाऱ्या कॅथरीन हेपबर्न यांनी स्वतःचं मानधन तारण ठेवलं तेव्हा कुठे काम सुरू झालं. ज्यांचं नाव आणि पैसा दोन्ही पणाला लागलंय त्यांना 'मागून आले' म्हणणं मला तरी कठोर वाटतं.

रानजाई

जुना प्रेक्षककाका, विम्याची गोष्ट ट्रेसींच्या तब्येतीची, विषयाची नव्हे. आणि पडद्यावरचं चुंबन आठवा. विमानतळावरून टॅक्सीतून येताना दोघं मागच्या सीटवर आहेत, आणि आपल्याला ते दिसतं ते ड्रायव्हरच्या समोरच्या छोट्या आरशात. ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर नापसंती. अख्ख्या सिनेमात प्रेमाचा पुरावा म्हणून एवढंच. प्रेक्षकाला जोडप्याच्या शेजारी बसवायची हिंमत झाली नाही, ड्रायव्हरच्या शेजारी बसवलं.

जुना_प्रेक्षक

आरशाचं निरीक्षण मान्य. पण मी त्याचा उलटा अर्थ लावतो. पहिल्याच मिनिटांत प्रेक्षकाला त्याची स्वतःची नजर दाखवून दिली आहे.

वकिली_बाणा

कायद्याच्या बाजूने थोडं. धागालेखकांनी लव्हिंग खटल्याचा निकाल सांगितला, पण माणसं सांगितली नाहीत.

मिल्ड्रेड जेटर आणि रिचर्ड लव्हिंग, व्हर्जिनियातल्या कॅरोलाइन काउंटीतले. तो गवंडीकाम करणारा गोरा, ती कृष्णवर्णीय आणि मूळनिवासी वंशाची. जून १९५८ मध्ये वॉशिंग्टन डीसीला जाऊन लग्न केलं, कारण तिथे बंदी नव्हती. जुलैमध्ये रात्री दोनच्या सुमारास शेरीफ माणसं घेऊन थेट झोपायच्या खोलीत शिरला. बॅटरीचा झोत तोंडावर. लग्नाचा दाखला भिंतीवर लावलेला होता. तो इथे चालत नाही, असं उत्तर मिळालं आणि दोघांना अटक झाली. १९५९ मध्ये एक वर्षाची शिक्षा सुनावली, आणि २५ वर्षं दोघांनी मिळून राज्यात यायचं नाही या अटीवर ती स्थगित केली. गाव सोडून डीसीत राहिले. १९६३ मध्ये मिल्ड्रेडने ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडींना पत्र लिहिलं, त्यांच्या कचेरीने नागरी हक्क संघटनेकडे पाठवलं, आणि दोन तरुण वकिलांनी खटला हातात घेतला. खालच्या न्यायाधीशाने १९६५ मध्ये लिहिलं होतं की देवाने वंश वेगवेगळ्या खंडांवर ठेवले, अर्थात त्यांनी मिसळू नये अशीच त्याची इच्छा होती.

वकिलाने 'कोर्टाला काय सांगू' विचारल्यावर रिचर्ड एवढंच म्हणाला की माझं बायकोवर प्रेम आहे आणि व्हर्जिनियात तिच्याबरोबर राहता येत नाही हा अन्याय आहे. कायद्याचं समान संरक्षण देणाऱ्या घटनेच्या १४ व्या दुरुस्तीवर कितीही पानं लिहिली तरी खटल्याचा गाभा हाच.

आता टॉकीज, तुमच्या मुद्द्याला एक जोड. लग्नाचा कायदा एक, आणि सिनेमाचा कायदा दुसरा. १९१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिनेमा हा निव्वळ धंदा आहे, त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्य नाही, असं ठरवलं होतं. त्यामुळे गावोगावच्या सेन्सॉर समित्यांना रान मोकळं होतं. हे १९५२ पर्यंत चाललं. 'पिंकी' (१९४९) या सिनेमात कृष्णवर्णीय नर्स आणि गोरा डॉक्टर यांचं प्रेम आहे. टेक्सासमधल्या मार्शल गावाने त्यावर बंदी घातली. तरी दाखवला म्हणून थिएटरवाल्याला दंड झाला. तो लढत वर गेला आणि १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. तेव्हा स्टुडिओ मागे राहिले ते केवळ भित्रेपणाने नव्हे. कॅलिफोर्नियात बनलेला सिनेमा टेक्सासमध्येही विकायचा होता.

टुरिंग_टॉकीज

वकीलसाहेब, मार्शलच्या थिएटरवाल्याचा खटला माझ्या यादीत नव्हता. पण 'पिंकी'च माझी बाजू मांडतो! कृष्णवर्णीय नर्सच्या भूमिकेत घेतली जीन क्रेन, गोरी नटी. म्हणजे डॉक्टरने मिठीत घेतलं तरी पडद्यावर गोराच गोरीला मिठीत घेतोय. आणि शेवटी लग्न होतच नाही, ती गावात राहून शाळा-दवाखाना चालवते.

सातारचा_सदू

हा गोऱ्यांनाच सगळ्या भूमिका द्यायचा प्रकार ॲना मे वाँगच्या बाबतीत तर फारच जिव्हारी लागतो. लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली चिनी वंशाची नटी, मूकपटांपासून नावाजलेली. 'द गुड अर्थ' (१९३७) ही चिनी शेतकरी कुटुंबाची गोष्ट. नायक म्हणून पॉल म्युनी ठरला, म्हणजे गोरा. मग त्याची बायको म्हणून खऱ्या चिनी वंशाच्या नटीला घेणं स्टुडिओला चालेना. भूमिका गेली लुईस रायनरकडे, आणि तिला त्यासाठी ऑस्कर मिळालं. खरं तर कोडच्या कलमात फक्त गोऱ्या-काळ्यांचा उल्लेख होता. स्टुडिओंनी ते आशियाई लोकांपर्यंत ताणलं.

अनुस्वार

+१. मर्ल ओबेरॉनचंही नाव घ्यायला हवं. जन्म आपल्या मुंबईतला, १९११ चा. अँग्लो-इंडियन. १९३९ च्या 'वुदरिंग हाइट्स'ची नायिका. जन्मभर सांगत राहिली की माझा जन्म टास्मानियातला. १९७९ मध्ये गेली, आणि खरं काय ते त्यानंतरच जगासमोर आलं. पडद्यावर लॉरेन्स ऑलिव्हिएबरोबर प्रेम करायचं तर मुंबई पुसावी लागली. मला त्या बाईचा फार राग येत नाही, वाईट वाटतं.

मंजिरी_रिचमंड

मी व्हर्जिनियात राहते, नवरा कृष्णवर्णीय अमेरिकन. वकिली_बाणा यांचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही.

आम्ही लग्नाचा परवाना काढायला कोर्टात गेलो तेव्हा अर्जात 'वंश' असा रकाना होता आणि तो भरणं सक्तीचं होतं. खिडकीवरची बाई अगदी प्रेमळ, अभिनंदन वगैरे म्हणाली. पण पेन हातात घेऊन नवरा जरा थांबला. तो काही बोलला नाही. नंतर गाडीत म्हणाला, हा रकाना आहे कशाला ते तुला माहिती आहे ना? १९२४ चा 'वंशशुद्धी'चा कायदा राबवायला अशा नोंदी ठेवल्या जायच्या. त्या कायद्यात गोऱ्याने गोऱ्याशीच लग्न करायचं होतं. गंमत बघा, पोकाहोंटास या मूळनिवासी राजकन्येचे वंशज म्हणवणारी बडी घराणी अडचणीत येऊ नयेत म्हणून मूळनिवासी रक्त एक सोळांश किंवा त्याहून कमी असलं तर माणूस गोराच समजायचा, अशी सवलत ठेवली होती.

तो सक्तीचा रकाना गेला २०१९ मध्ये. काही जोडप्यांनी वंश लिहायला नकार देऊन दावा लावला आणि संघीय न्यायाधीशाने ती सक्ती घटनाबाह्य ठरवली. रॉकब्रिज काउंटीत निवडायला जी यादी दिली जात होती तिच्यात 'आर्यन' आणि 'म्युलॅटो' (गोऱ्या-काळ्या मिश्र वंशाचा) असे शब्द होते. एकविसाव्या शतकात! तेव्हा '१९६७ मध्ये सगळं मिटलं' असं कोणी म्हटलं की मला तो अर्ज आठवतो.

सई_क

मंजिरी, अंगावर काटा आला.

वकिली_बाणा

मंजिरीताई, धन्यवाद. जोड म्हणून : अलाबामाच्या राज्यघटनेतली बंदी मृतावस्थेत का होईना २००० सालापर्यंत छापील होती. ती काढायला मतदान घ्यावं लागलं आणि सुमारे ४० टक्के लोकांनी 'राहू द्या' म्हणून मत दिलं.

कोथिंबीरवडी

मी 'शो बोट' (१९३६) सुचवते. मिसिसिपीवरच्या नाटकमंडळीच्या बोटीची संगीतिका. ज्यूली ही मुख्य नटी, दिसायला गोरी, पण आई कृष्णवर्णीय. नवरा स्टीव्ह गोरा. कोणीतरी चहाडी करतं आणि शेरीफ बोटीवर येतोय अशी बातमी येते. स्टीव्ह सगळ्यांसमोर खिशातला चाकू काढतो, तिच्या हातावर चिरा देतो आणि ते रक्त चोखतो. शेरीफ येऊन 'इथे गोऱ्या-काळ्याचं लग्न झालंय' म्हणतो, तेव्हा स्टीव्ह सांगतो, माझ्यात काळं रक्त आहे. थेंबभर रक्त असलं तरी माणूस काळा, हा दक्षिणेतला नियम त्याने त्यांच्याच तोंडावर मारला. बाकी मंडळी साक्ष देतात. खटला टळतो, पण दोघांना बोट सोडावी लागते.

मला हा प्रसंग कुठल्याही भाषणापेक्षा भारी वाटतो. कायदा किती हास्यास्पद आहे ते एक शब्दही न बोलता दिसतं. हेज कोड कडक होऊन दोन वर्षं झाली होती, तरी तो पडद्यावर आला.

टुरिंग_टॉकीज

कोथिंबीरवडी, प्रसंग जबरदस्त आहे यात वाद नाही. पण ज्यूलीची पुढे काय गत होते? नवरा सोडून जातो, ती दारूच्या आहारी जाते. १९५१ च्या रंगीत आवृत्तीतही तेच, आणि तिथे कृष्णवर्णीय लीना हॉर्नऐवजी गोरी एव्हा गार्डनर. असं लग्न दाखवायचं तर कोणीतरी उद्ध्वस्त झालंच पाहिजे, हा त्या काळचा अलिखित नियम.

सातारचा_सदू

अलिखित नियम मोडणारा एक आहे : 'सायोनारा' (१९५७). जपानमध्ये अमेरिकन हवाई दल. त्यात दोन जोडपी आहेत. रेड बटन्स आणि मियोशी उमेकी यांची जोडी लग्न करते, पण वरिष्ठ त्याला अमेरिकेत परत पाठवायला निघतात. बायकोला नेता येत नाही, कारण कथा १९५१ ची आणि १९२४ च्या इमिग्रेशन कायद्याने जपान्यांना दारं बंद होती. ती दारं थोडी किलकिली झाली १९५२ च्या कायद्याने. शेवटी ते दोघं जीव देतात. पण मार्लन ब्रँडो आणि त्याची जपानी नायिका मात्र लग्न करायचं ठरवतात, सगळ्या वार्ताहरांसमोर. त्या सिनेमासाठी उमेकीला ऑस्कर मिळालं, अभिनयासाठी ऑस्कर मिळवणारी ती पहिली आशियाई वंशाची अभिनेत्री.

टॉकीजना हवी ती वेळ इथे बरोबर जुळते. कोडमधलं कलम गेल्यानंतर वर्षभरात आलेला सिनेमा.

नर्मदाकाठ

थोडं अवांतर, पण आपल्या माणसांशी संबंधित. इंदूरचे तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी गादी सोडल्यावर १९२८ मध्ये सिॲटलच्या नॅन्सी मिलर यांच्याशी लग्न केलं. नाशिकला शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते त्यांना हिंदू धर्मात घेतलं आणि त्या शर्मिष्ठाबाई झाल्या. सनातन्यांचा गदारोळ आपल्याकडे झाला हे सगळे सांगतात. अमेरिकेची बाजू कोणी सांगत नाही. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून नागरिकत्वाला अपात्र, असा निकाल दिला. आणि १९२२ च्या कायद्यानुसार अशा अपात्र परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचं स्वतःचं नागरिकत्व जायचं. हे कलम १९३१ पर्यंत होतं. नवऱ्याच्या रंगावरून बायकोचा देश काढून घ्यायचा! याच्यावर एखादा सिनेमा कोणी का केला नाही?

ढवळ्या_पवळ्या

नर्मदाकाठ, त्याच काळात कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल व्हॅलीत पंजाबी शेतकरी मेक्सिकन बायकांशी लग्न करत होते. भारतातून बायको आणता येत नव्हती, गोरीशी लग्न करू द्यायचे नाहीत. कारकुनाला दोघांचा रंग सारखा दिसला की परवाना मिळायचा. मुलांची नावं 'होजे अकबर खान' छापाची. यावरही सिनेमा व्हायला हवा.

न्यूजर्सीची_आत्या

इतिहास छान चाललाय, पण मला आजचं बोलायचं आहे. माझ्या भाच्याने गोऱ्या मुलीशी लग्न केलं तेव्हा इथल्या मराठी मंडळींनी तिला नऊवारी नेसवून गणपतीत आरती करायला पुढे उभं केलं. फोटोच फोटो. दोन वर्षांनी दुसऱ्या घरातल्या मुलीने कृष्णवर्णीय मुलाशी लग्न केलं. तो शाळेत शिक्षक, मराठीत 'नमस्कार काकू' म्हणतो. त्याला कोणी टाकून बोललं नाही. फक्त त्याच्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. मुलीच्या आईने पुढच्या वर्षी यायचंच सोडलं.

'डिनर'मधला बाप पुरोगामी वर्तमानपत्राचा मालक असतो, मुलीला समतेचे धडे देऊन वाढवलेलं असतं, आणि वेळ स्वतःवर आल्यावर बापाची बोबडी वळते. रानजाई म्हणते तसा नायक फार गुळगुळीत आहे, खरंय. पण तो बाप मी खूप घरांत पाहिलाय. त्याच्यासाठी हा सिनेमा अजून दाखवावा.

मंजिरी_रिचमंड

आत्या, रिकाम्या खुर्च्यांचं अगदी तसंच आहे. माझ्या सासूबाईंनी उलट मला पहिल्या भेटीत विचारलं होतं, तुझ्या घरचे माझ्या मुलाला जेवायला बसवतील ना?

सई_क

'डिनर'मध्ये नायकाच्या घरच्यांचाही विरोध आहे, याबद्दल कोणी बोललं नाही. मुलीच्या घरची कृष्णवर्णीय मोलकरीण टिली तर त्याला सगळ्यांत आधी फैलावर घेते. आणि वडिलांशी त्याचं भांडण होतं, त्यात तो म्हणतो की तुम्ही स्वतःला काळा माणूस समजता, मी स्वतःला माणूस समजतो. नायक झालेल्या सिडनी पॉयटिएंनी ते वाक्य आवाज न चढवता घेतलंय. बाकी सिनेमा विसरेन, ते नाही.

एकटाच_आहे

मूळ प्रश्नाचं उत्तर द्यायला उशिरा आलोय. टॉकीज, तुम्हाला कायद्याच्या पुढे गेलेला सिनेमा हवाय ना? 'वन पोटॅटो, टू पोटॅटो', १९६४, दिग्दर्शक लॅरी पीअर्स. बड्या स्टुडिओचा नाही, ओहायोत कमी पैशांत केलेला. घटस्फोटित गोरी बाई, पदरात लहान मुलगी, कारखान्यात काम करते. तिथल्याच कृष्णवर्णीय सहकाऱ्याशी लग्न करते. तो नोबेलच्या तोडीचा डॉक्टर नाही, साधा नोकरदार. सासू-सासऱ्यांशी हळूहळू जमतं. मग पहिला नवरा उगवतो आणि मुलीच्या ताब्यासाठी कोर्टात जातो. न्यायाधीश घर बघतो. घर चांगलं आहे, मुलगी खूश आहे, हे त्याला दिसतं. आणि तरीही जग जसं आहे तसं आहे म्हणून मुलगी गोऱ्या बापाला देतो. मुलीला वाटतं आपण काहीतरी चुकलो म्हणून आई पाठवून देतेय. बार्बरा बॅरीला कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.

आईने दुसऱ्या वंशाच्या माणसाशी लग्न केलं म्हणून मुलाचा ताबा काढून घेता येत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं १९८४ मध्ये, 'पामोर विरुद्ध सिडोटी' खटल्यात. सिनेमानंतर २० वर्षांनी.

वकिली_बाणा

क्या बात है. पामोर माझ्या डोक्यात होता, पण त्याला सिनेमाची जोड माहीत नव्हती. त्या निकालातलं म्हणणं साधारण असं की लोकांच्या मनातल्या पूर्वग्रहापर्यंत कायद्याचा हात पोचणार नाही, पण कायद्याने त्या पूर्वग्रहाची अंमलबजावणीही करायची नाही. त्या सिनेमातला न्यायाधीश नेमकं तेच करतो.

जुना_प्रेक्षक

एकटाच आहे, मानलं तुम्हाला. तरीही 'डिनर'साठी शेवटचं भांडतो. गॅलप संस्थेच्या जनमत पाहणीत १९५८ मध्ये फक्त ४ टक्के अमेरिकनांना गोऱ्या-काळ्यांचं लग्न मान्य होतं. १९६८ मध्ये, म्हणजे निकाल आणि सिनेमा दोन्ही येऊन गेल्यावर, २० टक्के. सिनेमा कायद्याच्या मागे होता, मान्य. पण लोकांच्या पुढे होता, आणि तिकीट काढून येणार होते ते लोकच. 'पोटॅटो' किती जणांनी पाहिला? 'डिनर' दक्षिणेतल्या थिएटरांतही चालला. ट्रेसींच्या तोंडचं ते शेवटचं लांबलचक बोलणं ऐकून एखाद्या बापाने घरी जाऊन मुलीला पत्र लिहिलं असेल, तर त्याची नोंद कुठल्या खटल्यात सापडणार?

रानजाई

काका, या २० टक्क्यांवर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. तरी तो आरसा मला खटकणारच.

टुरिंग_टॉकीज

सगळ्यांचे आभार. मी प्रश्न 'पुढे की मागे' असा विचारला, पण वकीलसाहेब आणि एकटाच_आहे यांच्यामुळे एक गोष्ट नीट दिसली. लग्न करू देणारा कायदा आणि लग्नानंतर सुखाने नांदू देणारा कायदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टुडिओचे मोठे सिनेमे पहिल्यावर थांबतात, सगळे जेवायला बसतात आणि पडदा पडतो. पोराबाळांचं काय, शेजाऱ्यांचं काय, हे 'पोटॅटो'ने विचारलं. जुना प्रेक्षककाका, लोकांच्या पुढे होता हे मान्य, आणि तेही कमी नाही. पण कोडमधलं कलम गेल्यावर ११ वर्षं थांबायची गरज नव्हती, हे माझं म्हणणं मी सोडत नाही.

आत्या आणि मंजिरीताई, तुम्ही लिहिलंत म्हणून धागा निव्वळ सनावळीचा झाला नाही.

सातारचा_सदू

आपल्याकडच्या 'अछूत कन्या' (१९३६), 'सुजाता' (१९५९) आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्यावर असाच वेगळा धागा काढा कोणीतरी. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी आंतरजातीय लग्नांना कायद्याने मान्यता दिली होती, तिथपासून सुरुवात करता येईल.

कोथिंबीरवडी

सदू, तुम्हीच काढा. 'सुजाता'वर मी लिहीन, पण त्यातल्या रक्तदानाच्या प्रसंगावरून भांडण होणार हे आत्ताच सांगून ठेवते.